उतलेल्या ओठाची आत्या

सोमवारी सकाळी विजयश्रीच्या वरच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यात चुरचुरायला लागलं, आणि रविवारी बारसं होतं. ओठावर एक पुळी यायला, मोठी व्हायला, फुटायला आणि जायला सहा दिवस पुरे होतील असा हिशोब तिनं आरशासमोर उभं राहून केला. हिशोब करताना पुळीला विचारलं नव्हतं, एवढीच काय ती चूक.

बारसं तिच्या भावाच्या मुलीचं होतं. रोहिदास आणि प्राजक्ताला लग्नानंतर नऊ वर्षांनी लेक झाली होती आणि विजयश्री ही तिची एकुलती एक सख्खी आत्या. पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, हे कुणी सांगायला नको. पण इथं मामला त्याहून मोठा होता. रोहिदास दवाखान्यातच म्हणाला होता, "ताई, पत्रिकेत 'इ' अक्षर आलंय. नाव तूच काढ आणि कुणाला सांगू नको. आम्हालाही बारशातच कळू दे." विजयश्रीनं नाव काढलं होतं. तिनं ते नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, आणि नवरा दिवसातून दोनदा विचारत होता. नऊ वर्षं वाट बघितलेल्या बाळाच्या कानात पहिल्यांदा तिचं नाव आपण म्हणणार, या विचारानं ती गेले पाच दिवस स्वयंपाक करताना एकटीच हसत होती.

विजयश्री महाळुंग्याच्या एका कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला होती. गाडीच्या दाराला लावायच्या रबरी पट्ट्या तिच्या टेबलावरून जायच्या. पट्टीवर केसाएवढा चरा असला तरी ती लाल चिठ्ठी चिकटवून बाजूला काढायची. चौदा वर्षांत तिच्या हातून वाकडं काही पुढं गेलं नव्हतं. अशा बाईच्या स्वतःच्याच ओठावर डाग यावा, हे तिला अपमानास्पद वाटलं. त्यात गेला पंधरवडा कस्टमर ऑडिटमुळे रोज ओव्हरटाइम झाला होता आणि झोपेचे बारा वाजले होते, म्हणजे डागाचं कारणही कंपनीतूनच आलं होतं.

दापोडीच्या घरात ती पुळी पहिल्यांदा पाहिली सासूबाईंनी, म्हणजे सावित्रीबाईंनी. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"अगं बया! ही तर नागीण हाय."

"आई, पुळी आहे. ऑडिटचा ताप अंगात मुरला असंल, ओठ उतलाय."

"आमी काय नागीण बघितली न्हाई व्हय? तोंड आन् शेपूट एक झालं की मानूस संपतो."

एवढ्याशा ओठावर नागिणीला वळायला जागा कुठून मिळणार, असा प्रश्न विजयश्रीनं विचारला. त्यावर सावित्रीबाईंनी गेरू उगाळायला घेतला.

तेवढ्यात शेजारचे यशवंतराव पेपर मागायला आले. एका इंजिन कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून यशवंतराव जगातल्या सर्व दुखण्यांचे सल्लागार झाले होते. "टूथपेस्ट लावा," ते म्हणाले. "पांढरी. जेल नको. माझ्या मेव्हण्याला एका रात्रीत गुण आला." मेव्हण्याला ओठावर आलं होतं का, असं विचारल्यावर ते म्हणाले की त्याला पायाला भाजलं होतं, पण तत्त्व तेच.

सोमवारी टूथपेस्ट लागली आणि ओठानं पेट घेतला, रात्रीतून तो सुजलाही. मंगळवारी सकाळी टूथपेस्टनं सोललेल्या जागेवर सासूबाईंनी गेरू लिंपला. मनाला बरं वाटलं, कारण थंड लागलं. पुळीला काय वाटलं ते दुपारपर्यंत दिसलं. एकीच्या चार झाल्या आणि चारी पाण्यानं टम्म भरल्या.

त्या मंगळवारी कंपनीच्या गेटवर वेगळाच तमाशा झाला. हजेरीसाठी तिथं चेहरा ओळखणारं मशीन होतं. विजयश्री मास्क लावून उभी राहिली तर मशीन म्हणालं, मास्क काढा. मास्क काढला तर म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा. तिनं पाच वेळा पुन्हा प्रयत्न केला. मागं फर्स्ट शिफ्टची रांग लागली आणि रांगेतून "ओ मॅडम, चला की राव" असे आवाज यायला लागले. शेवटी टाइम ऑफिसचा शेखर आला. शेखर माणूस भला, पण सिस्टीमच्या बाहेर त्याचा कशावर विश्वास नव्हता.

"मॅडम, तुम्ही सिस्टीममध्ये नाही."

"अरे शेखर, तू मला आठ वर्षं ओळखतोस."

"मी ओळखतो हो. मशीन नाही ओळखत. अर्ज भरा, नवीन चेहरा टाकतो."

अर्जात 'चेहरा बदलण्याचे कारण' असा रकाना होता. त्यात लग्न, अपघात आणि इतर असे तीन पर्याय होते. विजयश्रीनं 'इतर'वर खूण केली आणि सुजलेल्या, गेरू फासलेल्या तोंडाचा फोटो कंपनीच्या दप्तरी कायमचा जमा झाला. शनिवारी सूज उतरल्यावर मशीननं तिला पुन्हा नाकारलं आणि पुन्हा अर्ज भरावा लागला, पण ते आत्ता सांगण्यात अर्थ नाही.

बुधवारी ती दापोडी स्टेशनजवळच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी दिव्याचा उजेड पाडून बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "यावर काय फासलं होतं?"

विजयश्रीनं क्रमानं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"चुरचुरलं त्या दिवशी आला असतात तर लवकर आवरलं असतं. आता गोळ्या आणि मलम देते. बोटानं नाही, कापसाच्या काडीनं लावायचं. आधी हात धुवायचे, नंतर हात धुवायचे. टॉवेल वेगळा, पेला वेगळा. खाज आली तर बर्फ फडक्यात गुंडाळून धरा. आंबट-तिखट बंद. कोरडं पडलं तर साधं व्हॅसलीन. आणि खपली धरली की तिला हात लावायचा नाही. ती तिच्या मनानं पडेल."

"नागीण नाही ना?"

"नागीण वेगळी. हा विषाणू बहुतेकांच्या अंगात लहानपणापासून झोपलेला असतो. जागरण, ऊन, ताण, काहीतरी होतं आणि उठतो. तुम्हाला यानं काही होत नाही." मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. "घरात तान्हं बाळ नाही ना?"

विजयश्रीनं बारशाचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं की बाळाला कधी भेटलात. गेल्या गुरुवारी दवाखान्यात, तेव्हा ओठ स्वच्छ होता, हे ऐकून त्यांनी मान हलवली.

"मग आता भेटायचं नाही. खपली पडून खाली चांगली कातडी येईपर्यंत बाळाच्या जवळ तोंड न्यायचं नाही. पापा तर नाहीच नाही. मोठ्या माणसाला ही नुसती पुळी. दहा-बारा दिवसांच्या बाळाच्या अंगात गेली तर जिवावर बेततं. मी तुम्हाला घाबरवत नाही, सांगते आहे."

"किती दिवस?"

"आठ-दहा."

विजयश्रीनं बोटं मोजली. रविवारी सातवा दिवस येत होता. "सातव्या दिवशी नाही का जमणार?"

"ओठाला आपण तारीख द्यायची नसते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

इथून पुढं प्रकरण नवनाथच्या हातात गेलं. नवनाथ म्हणजे विजयश्रीचा नवरा, भोसरीच्या एका टूलरूममध्ये फिटर. त्याचा स्वभाव असा की मोजल्याशिवाय तो काही मानत नाही. पोळी जाड झाली म्हटलं तरी किती जाड, ते विचारतो. बायको खुर्चीत बसून रडकुंडीला आलेली पाहून त्यानं पिशवीतून स्वतःचा डिजिटल व्हर्नियर काढला, म्हणजे दोन जबड्यांत वस्तू धरून बारीक माप घ्यायचं हत्यार.

"रडू नको. रोज मोजू. कमी होतंय की नाही ते कळंल."

व्हर्नियरचे जबडे त्यानं स्पिरिटनं पुसले, शून्य सेट केलं आणि ओठापासून तांदळाएवढं अंतर ठेवून माप घेतलं. बुधवार, सात पूर्णांक चार मिलिमीटर. फ्रिजवर कागद लागला. गुरुवार, सात पूर्णांक एक. शुक्रवारी पाणी सुकून खपली धरली आणि आकडा पाच पूर्णांक सहावर आला. सावित्रीबाई, ज्यांना मिलिमीटर म्हणजे काय ते माहीत नव्हतं, त्याही सकाळी उठून "आज किती?" असं विचारायला लागल्या. यशवंतराव तर आकडा ऐकायला चहाच्या वेळेला यायचे आणि मेव्हण्याच्या पायाशी तुलना करायचे.

दरम्यान रोज संध्याकाळी तनुजाचा फोन. तनुजा ही रोहिदासची आणि विजयश्रीची चुलत बहीण, राहायला पिंपळे गुरवलाच, बारसं होतं त्या प्राजक्ताच्या माहेरापासून पाच मिनिटांवर. विजयश्रीला बरं नाही एवढं तिला कुठून तरी कळलं होतं. "ताई, तू जिवाला लावून घेऊ नको गं. काही वाटलंच तर मी आहे ना. मीपण आत्याच की." विजयश्री "हो गं" म्हणायची आणि फोन ठेवल्यावर भांडी जरा जोरात घासायची. तनुजानं मागच्या आठवड्यातच बारशासाठी नवी साडी घेतली होती, आणि मान नसताना घेतलेली साडी कशाचं लक्षण असतं ते विजयश्रीला बरोबर कळत होतं.

शनिवारी दुपारी आकडा तीन पूर्णांक एकवर आला. खपली कडेनं सुटत चालली होती आणि सुटलेल्या जागी गुलाबी, तुकतुकीत कातडी दिसत होती. नवनाथनं जाहीर केलं की या वेगानं सकाळपर्यंत शून्य. विजयश्रीनं बारशाची साडी काढून इस्त्री केली. सोन्याचे कानातले घालून पाहिले. संध्याकाळी चहाच्या वेळेला, सगळ्यांच्या साक्षीनं, शेवटचं माप घ्यायचं ठरलं.

नवनाथ वाकला. यशवंतराव वाकले. सावित्रीबाई मागून वाकल्या आणि त्यांनी नेमक्या त्या क्षणी सुनेला विचारलं, "किती आला गं?"

सासूनं विचारल्यावर उत्तर द्यायची विजयश्रीची सोळा वर्षांची सवय. तिनं तोंड उघडलं. व्हर्नियरचा वरचा जबडा खपलीच्या सुटलेल्या कडेखाली गेला आणि खपली त्याच्याबरोबर आली.

रक्त आलं. नवनाथ हातातल्या व्हर्नियरकडे बघत म्हणाला, "आता याला शून्य म्हणायचं का?"

विजयश्रीनं पुढची पंधरा मिनिटं त्याला काय काय म्हणायचं ते सांगितलं. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "जखम उघडी झाली म्हणजे दिवस नव्यानं मोजायचे. उद्या मास्क लावा आणि लांब थांबा."

त्या संध्याकाळी घरात बैठक बसली. यशवंतरावांचा सल्ला असा की गडद लिपस्टिक लावली की कुणाला दिसणार नाही आणि जे दिसत नाही त्याचा त्रास होत नाही. नवनाथ, जो आपल्या अपराधाखाली दबलेला होता, म्हणाला, "एका मिनिटाचं काम आहे. श्वास रोखून सांग." विजयश्रीनं उशी पाळण्यासारखी ठेवून करून पाहिलं. 'कुर्र' म्हणायला वारा सोडावाच लागतो. तिनं तीनदा करून पाहिलं आणि तिन्ही वेळा उशीवर थुंकीचे शिंतोडे दिसले. चौथ्यांदा करायचा तिला धीर झाला नाही. पण आपण नाव सांगणार नाही, असंही तिनं कुणाला म्हटलं नाही. रोहिदासला फोन लावायला तिनं दोनदा मोबाईल हातात घेतला आणि दोनदा ठेवला. खरं सांगायचं तर रात्रीतून काही चमत्कार होईल अशी तिला आशा होती.

चमत्कार झाला नाही. रविवारी पिंपळे गुरवच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ती जांभळी साडी, सोन्याचे कानातले आणि निळा मास्क अशा वेशात पोचली. हॉल भरला होता. मधोमध पाळणा, त्याला शेवंतीच्या माळा. प्राजक्ता खुर्चीत, तिच्या चेहऱ्यावर नऊ वर्षांचा शीण उतरल्यासारखं हसू. विजयश्री मागच्या खुर्चीवर बसली. कुणी बोलावलं तर "सर्दी आहे" म्हणायची.

मग बाळाला पाळण्यात घातलं आणि कुणीतरी ओरडलं, "आत्या कुठंय? आत्याला पुढं घ्या!"

बायकांनी तिला धरून पुढं आणलं. चार पावलं राहिली. आता मास्क काढायचा आणि वाकायचं, बस. तिनं पाळण्यात पाहिलं. पोर झोपेत ओठ मुडपत होती, दूध पीत असल्यासारखी. केवढेसे ते ओठ. विजयश्रीचे पाय तिथंच थांबले. आपण इतका वेळ गप्प बसलो याची तिला इतकी लाज वाटली की डोळे भरून आले.

"मी जवळ येणार नाही," ती मोठ्यानं म्हणाली. मास्क खाली करून तिनं सगळ्यांना ओठ दाखवला आणि मास्क पुन्हा वर ओढला. "हे बाळाला लागतं. मोठ्यांना काही होत नाही, पण एवढ्या बाळाच्या जिवावर बेततं, असं डॉक्टरांनी सांगितलंय. मी कालच सांगायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

हॉलमध्ये एकदम सल्ल्यांचा पूर आला. एक म्हणाली काही होत नाही, आमच्या वेळी कुठं होते डॉक्टर. दुसरी म्हणाली पदर आडवा धर. तिसऱ्या बाईनं तर पर्समधून टूथपेस्टच काढली. रोहिदास जवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, एवढंच ना? मला फोन करायचा की गं." प्राजक्तानं हात पाळण्याच्या कडेवर ठेवला.

"मग तनुजा आहे की!" कुणाच्या तरी लक्षात आलं. "चुलत असली म्हणून काय झालं, आत्याच ती."

नव्या साडीतली तनुजा पुढं आली. ओठांना दाट मरून लिपस्टिक. विजयश्री बाजूला सरकली. आता आपण हिच्या कानात नाव सांगायचं आणि हिनं बाळाच्या. एवढे दिवस जपलेला शब्द असा दुसऱ्याच्या हातात द्यायचा! पण तनुजा पाळण्यापासून एक पाऊल अलीकडे थांबली ती थांबलीच.

"ताई," ती म्हणाली, "बाळाच्या जिवावर म्हणजे... खरंच?"

विजयश्रीनं तिच्याकडे नीट पाहिलं. चौदा वर्षं केसाएवढे चरे पकडणारी नजर ती. लिपस्टिकच्या खाली, डाव्या बाजूला, थर जरा उंच होता.

"कधीपासून?" विजयश्रीनं विचारलं.

"शुक्रवारपासून," तनुजा म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "मला दर परीक्षेच्या वेळी यायचं गं. मला काय माहीत याचं असं असतं? मी म्हटलं लिपस्टिक लावली की झालं."

विजयश्रीला आता कळलं. आपण गप्प राहून मागं बसलो असतो, पोटात दुखतंय म्हणून निघून गेलो असतो, तरी हिनं वाकून सांगितलं असतं. तिनं तनुजाला जवळ ओढून घेतलं. दोन्ही आत्या पाळण्यापासून दहा फुटांवर एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, आणि गुरुजींनी घड्याळात बघितलं.

"मुहूर्त टळेल. आत्या नसेल तर आत्याची आत्या चालते का बघा."

ती होती. अंबूबाई, रोहिदासच्या वडिलांची बहीण, वय ऐंशीच्या पुढं, कोपऱ्यात बसून पेढा चघळत होती. तिला दोघांनी धरून आणली. विजयश्रीनं आधी तिचं तोंड उघडायला लावून ओठ आतून-बाहेरून तपासले, हात साबणानं धुवायला लावले आणि ओके दिलं. अंबूबाई पाळण्याजवळ जाऊन वाकली, आणि मान वळवून म्हणाली, "काय नाव सांगू?"

आता विजयश्री दहा फुटांवर आणि अंबूबाईला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. विजयश्री तोंड जवळ न्यायला तयार नव्हती. ती सांगत होती, अंबूबाई "आँ?" म्हणत होती. कागदावर लिहून दिलं तर अंबूबाई म्हणाली, "चष्मा घरी राहिला." रोहिदासला कानात सांगावं तर त्याला आधी कळायला नको, ही त्याचीच अट. गुरुजी पुन्हा घड्याळ बघायला लागले.

विजयश्रीनं दोन पावलं आणखी मागं घेतली. मग कंपनीत प्रेस मशीनच्या आवाजावर माणूस हाक मारतो तसा तिनं छातीत वारा भरला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि पाळण्याच्या दिशेनं जिवाच्या आकांतानं ओरडली.

"इरावती!"

हॉलमधल्या दीडशे माणसांच्या गप्पा बंद झाल्या. वाढप्याच्या हातातली पुरी खाली पडली. पाळण्यातली पोर दचकून जागी झाली. ती रडली नाही. तिनं डोळे उघडले आणि आवाज आला तिकडे मान वळवली. बारा दिवसांच्या बाळाला दहा फुटांवरचं काय दिसतं ते डॉक्टरीणबाईंना ठाऊक. पण ती बघत होती, हे सगळ्यांनी पाहिलं.

"आता मी काय सांगू?" अंबूबाई कंबर सरळ करत म्हणाली. "तिला ऐकू गेलं की."

रोहिदासनं नाव एकदा हळूच म्हणून पाहिलं, मग तोंड फिरवून डोळे पुसले. आत्यानं नाव ठेवलं की तिच्या पाठीत धपाटे घालायची रीत. पाळण्याभोवती जमलेल्या बायका हात उगारून उभ्या होत्या आणि धपाटा घालायचा कुणाच्या पाठीत ते त्यांना कळेना. तेव्हा प्राजक्ता खुर्चीतून उठली, दहा फूट सावकाश चालत आली आणि विजयश्रीच्या पाठीत असा एक सणसणीत धपाटा घातला की मास्क हनुवटीवर आला. विजयश्रीला हसू आवरेना, पण हसलं तर ओठ पुन्हा फुटला असता. म्हणून तिनं ओठ घट्ट मिटून धरले आणि नुसती पाठ पुढं केली.